विहिरीत पट्टीचे पोहणारे, पण टँकवर २५ मीटरलाच धाप: दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते. "लहानपणापासून पोहतो, विहिरीत दोन-दोन तास डुंबलोय, नदीही ओलांडलीय. पण टँकवर फ्रीस्टाइल मारायला घेतलं की पलीकडची भिंत गाठेपर्यंत छाती फुटायची वेळ येते." कोच सांगतो, पाय वर ठेवा. आठवडाभर पाय वर राहतात, मग पुन्हा बुडायला लागतात. कोणी म्हणतं कोपर उंच काढा, कोणी म्हणतं दमसास वाढवा. तेही करून होतं. मधे पावसाळा जातो, माणूस टँकवर परत येतो आणि पहिले पाढे पंचावन्न.

माझं मत आधीच सांगतो. या तक्रारीचं मूळ पाण्यात तोंड असताना श्वास कोंडून धरण्यात आहे. पाय बुडणं, मान वर येणं, किक पिसाटल्यासारखी वाढणं हे सगळं त्याच्या मागून येतं. म्हणून दुरुस्तीचा क्रम श्वास, मग डोकं, मग पाय आणि हात सर्वांत शेवटी, असा हवा. बहुतेक जण हातापासून सुरुवात करतात, कारण हात दिसतात. तिथली दुरुस्ती चार दिवस टिकते आणि दोष परत येतो.

आधी दमसासाची शंका फेडून घ्या

तुमच्या सवयीचा, डोकं वर ठेवून, बेडकाचे पाय मारत पोहायचा प्रकार घ्या आणि आरामात चार लेंथ करा (लेंथ म्हणजे टँकच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत). त्या बोलत-बोलत होत असतील आणि फ्रीस्टाइलच्या एका लेंथला मात्र धाप लागत असेल, तर दमसास कमी नाही. ही खात्री महत्त्वाची आहे. पुष्कळ जण दमसासाच्या नावाखाली रोज पहाटे पळायला लागतात, पळण्यात तरबेज होतात आणि टँकवर पुन्हा तितकेच दमतात. पळताना श्वास कधी घ्यायचा हे शरीर आपलं आपण ठरवतं. फ्रीस्टाइलमध्ये ते हातांच्या तालावर ठरतं, आणि तो ताल पळून येत नाही.

छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, पाण्याबाहेर आल्यावरही बराच वेळ धाप न ओसरणं यांपैकी काही होत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. दम्याचा त्रास असणाऱ्यांना बंदिस्त टँकवरच्या क्लोरीनच्या उग्र वासानेही खोकला आणि धाप लागू शकते. तो दोष पोहण्याच्या पद्धतीतला नाही.

भिंतीजवळची तपासणी

छातीइतक्या पाण्यात उभे राहा, काठाची पट्टी दोन्ही हातांनी धरा. हात-पाय हलवायचे नाहीत. तोंड पाण्यात घाला, तीन आकडे मोजा, मान बाजूला वळवून श्वास घ्या, परत तोंड पाण्यात. हे सलग वीसेक वेळा करा. मधेच गुदमरल्यासारखं झालं, थांबावं लागलं, तर दोष सापडला. हात नाहीत, पाय नाहीत, वेग नाही, तरी धाप लागली म्हणजे ती फक्त श्वासाच्या पद्धतीमुळे लागली.

आता हेच करताना शेजारच्याला तुमच्या तोंडाजवळचं पाणी बघायला सांगा. बुडबुडे येतात का? विहिरीत शिकलेल्यांच्या बाबतीत बहुधा एकही येत नाही. त्याचं कारण आहे. विहिरीत पाण्याखाली जाणं म्हणजे बुडी. कठड्यावरून मुटका मारा, सूर मारा, तळातून खडा काढून आणा. यातलं प्रत्येक कौशल्य दम धरण्यावर उभं आहे. तोंड पाण्यात गेलं की छाती आपोआप कुलूपबंद होते. ही सवय पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून शिकलो तेव्हापासूनची आहे, आणि विहिरीत तिने कधी दगा दिलेला नाही. फ्रीस्टाइलमध्ये मात्र तोंड बहुतेक वेळ पाण्यात असतं आणि काम अखंड चालू असतं. तिथे दम धरणं परवडत नाही.

आत नेमकं काय होतं? श्वास घ्यावासा वाटतो, तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत गेल्यामुळे. ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी ही तगमग सुरू होते. तुम्ही पाण्यात श्वास सोडलाच नाही, तर मान बाजूला वळवल्यावर मिळणाऱ्या जेमतेम अर्ध्या-पाऊण सेकंदात आधीची हवा सोडायची आणि नवी घ्यायची, अशी दोन्ही कामं उरकावी लागतात. सोडण्यातच वेळ जातो आणि घेतला जातो तो निम्मा घोट. आधीचं शिळं पाणी न ओतता तांब्या नळाखाली धरण्यातला हा प्रकार आहे. चार-पाच श्वासांत छाती वापरलेल्या हवेने भरते. पोहणाऱ्याला वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून तो आणखी जोरात आत ओढायला बघतो. खरं तर हवा बाहेर जात नसते.

दुरुस्ती

पुन्हा भिंतीजवळ या. तोंड पाण्यात जाताक्षणी नाकातून हलका श्वास सोडायला लागा. "हुंऽऽ" असा आवाज पाण्यात काढा. आवाज थांबला म्हणजे श्वास थांबला, हे लगेच कळतं. मान वळवायच्या क्षणी उरलेला श्वास तोंडावाटे जोरात फुंकून द्या. तोंड बाहेर आल्यावर फक्त घ्यायचं काम उरलं पाहिजे. छाती पूर्ण रिकामी करू नका. पूर्ण रिकाम्या छातीने शरीर खाली जातं आणि उगाच भीती वाटते. धार बारीक, पण न तुटणारी हवी.

हे वीस वेळा शांतपणे जमेपर्यंत पुढे जाऊ नका. कंटाळवाणं आहे, मान्य आहे. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला काठ धरून बुडबुडे काढायला संकोच वाटतो, शेजारच्या लेनमध्ये आठ वर्षांची मुलं सपासप जात असतात. पण त्या मुलांनीही पहिले काही दिवस हेच केलेलं असतं. तुमच्या वाट्याला ते कधी आलं नाही, एवढाच फरक.

मग पोहताना प्रत्येक दोन हातांनी श्वास घ्या, म्हणजे दर वेळी एकाच बाजूला. बऱ्याच ठिकाणी पहिल्या दिवसापासून तीन हातांनी, दोन्ही बाजूंना आलटून-पालटून श्वास घ्यायला लावतात. शरीर दोन्ही बाजूंना सारखं वळावं हा त्यामागचा हेतू चांगला आहे, पण ज्याला आधीच हवा पुरत नाही त्याला ती आणखी उशिरा देण्यात काय अर्थ? १५०० मीटरच्या शर्यतीतले जागतिक दर्जाचे पोहणारेसुद्धा बहुतेक वेळ दोन हातांनीच श्वास घेतात. टीव्हीवर ५० मीटरची शर्यत बघून फसू नका. तिथे अख्ख्या लेंथमध्ये एखाद-दोन श्वास घेतात किंवा घेतच नाहीत, कारण सगळा खेळ वीस-पंचवीस सेकंदांचा असतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दम वाढवायचा म्हणून पाण्याखालून "एका दमात" टँक पार करायच्या पैजा लावू नका आणि त्याआधी भराभर खोल श्वास तर अजिबात घेऊ नका. भराभर श्वासांनी ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. म्हणजे श्वास घ्यायची आतली सूचनाच उशिरा येते, आणि ती यायच्या आत पाण्याखाली शुद्ध हरपू शकते. उत्तम पोहणारी तरुण मुलं अशी गेली आहेत. काठावरच्याला वाटतं, बुडी लांबली.

श्वास जमला, तरी पाय बुडतात

आता डोक्याकडे या. छातीत हवा असते, म्हणून पाणी शरीराला छातीपाशी उचलून धरतं. वजनाचा मध्य मात्र त्याच्या खाली, कंबरेच्या आसपास असतो. त्यामुळे पाण्यावर आडवं पडलं की पाय खाली जाणार, हा शरीराचा स्वभावच आहे. मांड्या-पोटऱ्या दणकट असलेल्यांचे जास्त जातात. त्यात तुम्ही साडेचार-पाच किलोचं डोकं पाण्याबाहेर काढलंत की त्याला असलेला पाण्याचा आधार जातो, आणि तेवढ्याने कंबर खाली दबते.

तपासणी सोपी आहे. भिंतीला पाय लावून ढकला, हात पुढे ताणलेले, पाय जुळवलेले, काहीही न मारता सरकत जा. एकदा नजर समोरच्या भिंतीवर ठेवून, एकदा नजर थेट तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवून. कुठवर पोहोचता ते बघा. खाली बघितल्यावर जास्त लांब जाल, आणि हे तुमचं तुम्हालाच दिसेल, कोणी पटवून द्यावं लागणार नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. लोंबकळणारे पाय घेऊन जोर लावणाऱ्याची ताकद कुठे जाते, ते यावरून कळतं.

डोकं वर ठेवणं ही विहिरीतली चूक नव्हती. वरून कोण उडी टाकतोय, कठडा किती जवळ आला, हे बघावंच लागतं. पुराच्या पाण्यात वाहत येणारा ओंडका दिसला नाही तर जिवावर बेततं. वॉटरपोलो खेळणारे आणि बुडणाऱ्याकडे जाणारे जीवरक्षक आजही डोकं वर ठेवून पोहतात. ती पद्धत विसरू नका. टँकवर लांब पोहताना ती महाग पडते, एवढंच.

मान सैल सोडा, नजर खाली किंवा किंचित पुढे. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, खांद्याबरोबर वळवायचं: एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. पुढे सरकणाऱ्या डोक्यामुळे गालाजवळ पाण्याला छोटा खळगा पडतो, तिथे तोंड उघडलं तरी हवा मिळते. पहिल्या काही वेळा नाकातोंडात पाणी जाईल, ठसका लागेल. घाबरून मान उचलली की सगळं परत पहिल्यावर येतं. त्यापेक्षा तेवढ्यापुरतं जास्त वळा, हवं तर पूर्ण उताणे व्हा, श्वास घ्या आणि परत पालथे व्हा. उताणं पडून राहता येणं हे या सगळ्या दुरुस्तीतलं सर्वांत मोठं संरक्षण आहे. ते येत नसेल तर आधी ते शिका.

हात फ्रीस्टाइलचे, पाय कैचीचे

हा विहिरीतल्या मंडळींचा खास नमुना. हात वरून पुढे पडतात, डोकं उंच, आणि श्वासाच्या वेळी पाय फाकून कैची मारतात. १८७३ साली जॉन ट्रजन या इंग्रज पोहणाऱ्याने लंडनमधल्या शर्यतींत नेमका हाच प्रकार आणला, तेव्हा तो वेगवान मानला गेला आणि त्याचं नाव त्या प्रकाराला पडलं. पुढे ऑस्ट्रेलियात कैचीच्या जागी वर-खाली चालणारी किक रुळली आणि आजची फ्रीस्टाइल झाली. म्हणजे तुमची पद्धत अडाणी वगैरे नाही, तिलाही शर्यतींचा इतिहास आहे. पण प्रत्येक कैचीला शरीर क्षणभर अडतं आणि पुन्हा हलवावं लागतं.

कैची पाय सुधारून जात नाही, कारण ती तोल सांभाळायला आलेली असते. पुढचा हात डोक्यासमोरून पलीकडच्या बाजूला पडत असेल, तर शरीर वाकडं होतं आणि पाय तोल सावरायला फाकतात. हात आपापल्या खांद्यासमोरच पाण्यात घाला. श्वासाच्या क्षणी पुढचा हात लगेच खाली दाबू नका, श्वास होईपर्यंत तो पुढे लांब राहू द्या. बहुतेकांची कैची एवढ्याने निम्मी होते. उरलेल्यासाठी दोन्ही पायांचे अंगठे एकमेकांना अधूनमधून घासत आहेत का, याकडे लक्ष ठेवा.

मग घोटा. फ्लोट, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, धरून फक्त पाय मारत जा. जोर लावूनही जागच्या जागी राहत असाल, किंवा चक्क मागे सरकत असाल, तर पावलं नडगीशी काटकोनात अडकलेली आहेत. पावलं पाणी मागे ढकलण्याऐवजी पुढे ढकलतायत. पळणाऱ्यांचे घोटे हमखास असे ताठ असतात. वज्रासनात बसायची सवय असेल तर घोटा चांगला सुटतो. रोज थोडा वेळ बसा, गुडघे दुखत असतील तर मात्र नको. किक कंबरेतून, गुडघा किंचित सैल, पाय फार खोल न नेता. गुडघे पोटाकडे घेऊन सायकल मारत असाल तर तळाकडे बघून पोहताना तुमच्याच मांड्या तुम्हाला दिसतील. त्या दिसता कामा नयेत.

आणि किक कमी करा. हे ऐकून लोक चमकतात, कारण पाय बुडतायत तर जास्त मारायला हवेत असं वाटतं. पण मांड्यांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे, ते ऑक्सिजनही तसाच खातात. लांबच्या फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचं बहुतेक काम हात करतात. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. सुरुवातीच्या दिवसांत तुम्हाला किक हवी आहे ती तोलापुरती. दर हाताला एक शांत किक पुरे.

हातांबद्दल फार सांगत नाही. पाण्यावर थापा मारू नका, बोटं आधी जाऊ द्या, आणि पाणी खाली न दाबता मागे ढकला. बाकीचं श्वास बसल्यावर बघू.

तरीही महिन्याभराने परत येतं

येतंच. कधी येतं ते ओळखून ठेवा. पहिलं, शेजारच्या लेनमधला पुढे गेला की आपला वेग नकळत वाढतो आणि श्वास कोंडला जातो. दुसरं, डिसेंबर-जानेवारीत उघड्या टँकवर सकाळी उतरल्यावर. गार पाणी अंगावर आलं की श्वास झटक्याने आत ओढला जातो आणि तिथेच अडकतो. अशा दिवशी सूर मारून सुरुवात करू नका. शिडीने उतरा, तोंडावर पाणी मारा, काठ धरून बुडबुडे काढा, श्वास संथ झाला की मगच निघा. तिसरं, ड्रिल करताना सगळं बरोबर आणि पूर्ण पोहायला लागल्यावर गडबड. याला उपाय म्हणजे अंतर कमी करणं. २५ मीटर रेटत नेऊन शेवटचे १० मीटर वाईट पोहण्यापेक्षा १२-१५ मीटर नीट पोहा, लेनचा दोर धरून थांबा, श्वास पूर्ण बसू द्या, मग उरलेलं करा. शेवटचे वाईट मीटर तुम्ही जितक्या वेळा पोहाल, तितका शरीराला तोच सराव होतो.

धाप लागायला लागली असं जाणवताच वेग वाढवायची ऊर्मी येते, "पोहोचू एकदाचे" म्हणून. त्या क्षणी उलट करा: हात सावकाश, बुडबुड्यांचा आवाज मोठा. तरी नाही जमलं तर उताणे व्हा.

कोकणातल्या वाचकांसाठी वेगळी सूचना. मालवणच्या समुद्रात पाय छान वर राहतात आणि टँकवर बुडतात, असं होत असेल तर गोंधळू नका. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. ७० किलोच्या माणसाला तिथे पावणेदोन किलोच्या आसपास जास्त आधार मिळतो. त्यामुळे डोक्याचा दोष समुद्रात झाकला जातो. तपासणी गोड्या पाण्यातच करा. समुद्रात दिशा बघायला डोकं वर काढावं लागतं, तेव्हा फक्त डोळे पाण्यावर आणा, बघा आणि श्वास नेहमीप्रमाणे बाजूलाच घ्या. दोन्ही एकदम समोर बघत करायला गेलात की कंबर खाली जाते.

पावलं ताणायचा सराव नवा असताना पोटरीत किंवा तळपायात गोळा येतो, विशेषतः सत्राच्या शेवटी. पाय ताणून धरल्यामुळे तो येतो, म्हणून पावलं सैल मागे सोडा, मुद्दाम टोकदार करू नका. आलाच तर उताणे होऊन हातांनी काठ गाठा, गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःकडे ओढा आणि गोळा पूर्ण सुटेपर्यंत तसंच धरा. त्या दिवशी फ्लोटवरची किक पुन्हा करू नका.